दर श्रावणात दारू सोडणारे भाऊ: पहिल्या ३० दिवसांचं एक प्रकरण

हे प्रकरण कोण्या एका घरचं नाही. नागपुरात दारू सोडवण्याच्या कामात जे पुन्हापुन्हा समोर येतं, ते एका माणसाभोवती मांडलं आहे. तास, मात्रा आणि तपासण्यांचे आकडे वैद्यकीयदृष्ट्या खरे उतरतील असे घेतले आहेत. माणसाला नाव दिलेलं नाही. वस्तीत अशा माणसाला सगळे 'भाऊ' म्हणतात, आपणही तेच म्हणू.

भाऊ ४६ वर्षांचे. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लेथवर काम, घर जयताळ्याला. घरात पत्नी, माय, बारावीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा. दारू बावीस वर्षं जुनी, रोजची मात्र आठ वर्षांची. संध्याकाळी दोन पव्वे ठरलेले. गेल्या सहा महिन्यांत सकाळी ड्युटीवर जायच्या आधी एक निप सुरू झाली होती. का, तर हात थांबत नाहीत म्हणून. लेथवर मायक्रोमीटर धरायचा तर हात थांबलाच पाहिजे.

आधी हिशेब करू, कारण 'रोज थोडीशी' या शब्दांनी डॉक्टरांनाही चकवा बसतो. एक पव्वा म्हणजे १८० मिलि. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे ७७ मिलि शुद्ध अल्कोहोल, वजनात साधारण ६१ ग्रॅम. दोन पव्वे आणि ९० मिलिची एक निप मिळून ४५० मिलि होते, त्यात १५२ ग्रॅम अल्कोहोल. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम जाळतं, सवयीच्या पिणाऱ्याचं जरा जास्त. म्हणजे भाऊंच्या रक्तातून दारू पूर्ण उतरायला जवळजवळ पुढची संध्याकाळ व्हायची, आणि तेव्हा पुढचा पव्वा तयार असायचा. मेंदूला आठ वर्षांत कोरडा दिवस म्हणून मिळाला नव्हता. अपवाद एकच, श्रावण.

दर श्रावणात भाऊ दारू सोडत. जिवतीच्या अमावस्येला रात्री शेवटची, आणि पोळ्यानंतर करीच्या दिवशी पुन्हा सुरू. घरच्यांचा सगळा भरवसा यावरच होता. वहिनी दवाखान्यात सांगत होत्या, "दरवर्षी सोडते जी ते. दोन-तीन दिवस तरास होते, मंग चांगले राह्यते." ऐकणारा पटकन म्हणेल की माणसात जिद्द आहे, यंदाही जमेल. या प्रकरणात नेमका हाच भरवसा घातक ठरला.

मागचे श्रावण नीट विचारले तेव्हा

वर्षवार विचारलं तर चित्र वेगळं निघालं. सुरुवातीच्या वर्षांत दोन रात्री झोप नाही आणि चिडचिड, एवढंच. पुढे चार-चार दिवस हात थरथरायला लागले. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या रात्री भिंतीवर सावल्या दिसल्या होत्या, ते डोळे लागता लागता झालं असं म्हणून सोडून दिलं. मागच्या वर्षी ते न्हाणीत पडलेले सापडले. जीभ चावलेली होती, चड्डी ओली होती. घरच्यांनी कारण धरलं श्रावणी सोमवारच्या उपवासाचं: "पोटात काही नव्हतं, चक्कर आली." ती चक्कर नव्हती, फिट होती. जीभ बाजूने चावली जाणं आणि कपड्यात लघवी होणं या दोन खुणा एकत्र आल्या की उपवासाला दोष देऊन थांबू नये.

दर खेपेला त्रास वाढत जाण्याला डॉक्टर किंडलिंग म्हणतात. भाऊंच्याच भाषेत सांगायचं तर ब्रेक दाबून ठेवून मशीन चालवली की मोटर जास्त करंट ओढते. दारू मेंदूतल्या 'गाबा' या शांत करणाऱ्या यंत्रणेला जोर देते आणि 'ग्लुटामेट' या उत्तेजित करणाऱ्या यंत्रणेला दाबते. वर्षानुवर्षं हे चाललं की मेंदू पहिलीचा असर कमी करून घेतो आणि दुसरी वाढवून ठेवतो, म्हणजे काम कसंबसं बरोबरीत चालतं. दारू एका रात्रीत काढून घेतली की ब्रेक सुटतो, पण वाढवलेली मोटर तशीच फिरत राहते. थरथर, घाम, धडधड, फिट, भास हे सगळं त्या मोटरचं आहे. प्रत्येक वेळी असं झटक्यात सुटलं की मेंदू पुढच्या वेळेसाठी आणखी तापट होऊन बसतो. म्हणून नऊ वेळा घरच्या घरी सोडलेला माणूस दहाव्या वेळी जास्त धोक्यात असतो, कमी नाही.

पहिले ३१ तास

यंदा रविवारी अमावस्या होती. रात्री ११ वाजेपर्यंत मटणासोबत तीन पव्वे झाले. दुसऱ्या दिवशी सोमवार, श्रावणाचा पहिला, म्हणून उपवासही धरला. दारू बंद आणि अन्नही बंद, हा मेळ वाईट. रोज पिणाऱ्याच्या यकृतात साखरेचा साठा कमीच असतो.

सकाळी ६ वाजता, सातव्या तासाला, हात सुरू झाले. बशीत कप खडखडत होता. वहिनींनी चहा स्टीलच्या ग्लासात दिला, तर भाऊंनी गळ्यात दुपट्टा टाकला, एक टोक ग्लासासकट उजव्या मुठीत धरलं आणि डाव्या हाताने दुसरं टोक ओढत ग्लास ओठापर्यंत आणला. ही युक्ती पिणाऱ्यांमध्ये जुनी आहे, आणि ती दिसली की समजावं की सकाळची थरथर आजची नाही. दोन घोट गेले आणि उलटी झाली.

दुपारी १ वाजता, चौदाव्या तासाला, शेजारच्या मेडिकल स्टोअरमध्ये बीपी पाहिलं: १६०/१००, नाडी ११२. कपाळावर घाम, बनियान ओली, कुणी ताट आदळलं तरी दचकणं. इथे भाऊंना रुग्णालयात न्यायला हवं होतं. नेलं वस्तीतल्या दवाखान्यात, संध्याकाळी सहाला. तिथे 'कमजोरी आहे' म्हणून सलाईन लागलं, ५ टक्के ग्लुकोजचं, ५०० मिलि, त्यात जीवनसत्त्वांचं पिवळं इंजेक्शन. ५०० मिलित २५ ग्रॅम ग्लुकोज असतं. ग्लुकोज जाळायला शरीराला बी-१ म्हणजे थायमिन लागतं, आणि रोज पिणाऱ्याकडे ते आधीच खडखडाट असतं. उरलंसुरलं थायमिन साखरेनं ओढून घेतलं तर वेर्निके नावाचा मेंदूचा आजार उभा राहू शकतो: गोंधळ, डोळ्यांच्या हालचालीत बिघाड, चालताना झोक. वेळीच थायमिन दिलं तर तो परततो, नाही दिलं तर स्मरणशक्ती कायमची जाते. त्या इंजेक्शनचा पिवळा रंग बी-२ चा असतो. पिवळं दिसलं म्हणजे बी-१ पुरेसं गेलं, असं नाही. साखर खरोखर उतरली असेल तर ग्लुकोज थांबवायचं नसतं, मात्र थायमिन सोबत किंवा आधी गेलंच पाहिजे. सलाईन लावायच्या आधी 'थायमिन देताय ना?' एवढं विचारायला घरच्यांनी लाजू नये.

रात्री ९ वाजता साळा आला. "भाऊजी, हे घ्या. माह्या मायची गोयी हाये, झोप लागन." अल्प्राझोलाम, अर्धा मिलिग्रॅम. त्याचा हेतू चांगला होता. गोळीचा गटही बरोबर होता, याच जातीच्या औषधांनी दारूचा उतार सांभाळतात. पण मात्रा इतकी तुटपुंजी की फक्त तीन तास डोळा लागला, आणि औषध लवकर उतरणारं. मध्यरात्री भाऊ पुन्हा जागे. घरच्यांना वाटलं, संकट टळलं.

मंगळवारी पहाटे पावणेसहाच्या सुमारास, एकतिसाव्या तासाला, फिट आली. पूर्ण शरीर ताठ, मग झटके, दीडेक मिनिट. घरात जे झालं ते बहुतेक घरांत होतं: कुणी नाकाशी कांदा धरला, कुणी चप्पल, आणि दातांत चमचा घातला. चमच्याने पुढच्या दाताचा टवका उडाला. तोंडात काही घालायचं नसतं. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करायच्या, डोक्याखाली घडी केलेलं कापड, झटके थांबताच कुशीवर वळवायचं आणि घड्याळ पाहायचं. झटके पाच मिनिटांवर गेले, दुसरी फिट आली किंवा मधे शुद्धच आली नाही, तर क्षणाचीही वाट न पाहता १०८. आणि दारू सोडताना आलेली फिट एका मिनिटात थांबली तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, कारण पुढचा टप्पा अजून यायचा असतो.

दारू बंद झाल्यावरचं वेळापत्रक बऱ्यापैकी ठरलेलं आहे. सहा-आठ तासांत थरथर आणि घाम. सहा ते ४८ तासांत फिट. बारा तासांनंतर केव्हाही भास, पण त्यात माणूस शुद्धीवर असतो. ४८ ते ९६ तासांत डेलिरियम ट्रेमेन्स, ज्याला वॉर्डात नुसतं डीटी म्हणतात. सहसा पाच-सात दिवसांत शरीराचा भाग निवळतो. बहुतेक माणसं पहिल्या टप्प्यावरच थांबतात. ज्यांना आधी फिट किंवा डीटी होऊन गेलं आहे, जे सकाळी उठल्याबरोबर पितात, ज्यांना यकृत, हृदय किंवा साखरेचा आजार आहे, त्यांनी पुढचे टप्पे येणार असंच धरून चालावं.

रुग्णालयात

सकाळी सातला ते एका मोठ्या रुग्णालयात पोहोचले. साखर ६४. पोटॅशियम ३.१, मॅग्नेशियम १.३, दोन्ही कमी. यकृताच्या तपासण्यांत एसजीओटी १४८ आणि एसजीपीटी ६६. पहिला दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त, ही दारूची खूण. यकृताचीच जीजीटी ४१०, तीही वाढलेली. लाल पेशींचं आकारमान, म्हणजे एमसीव्ही, १०४, वाढलेलंच. प्लेटलेट ९६ हजार. डोक्याचा सीटी स्वच्छ. तो काढणं भाग होतं, कारण पिणारा माणूस पडलेला असतो आणि फिटचं कारण दारूच आहे हे गृहीत धरून डोक्यातला रक्तस्राव सुटू शकतो.

त्रास मोजायला दहा प्रश्नांची सीवा नावाची मोजपट्टी वापरतात: मळमळ, थरथर, घाम, बेचैनी, अस्वस्थ हालचाल, त्वचेवर काही चालल्यासारखं वाटणं, आवाज, दृश्यं, डोकेदुखी आणि वेळ-काळाचं भान. पहिल्या नऊ गोष्टींना ० ते ७ गुण, शेवटच्या एकीला ० ते ४, एकूण ६७. आठ-दहाच्या आत सौम्य, पंधराच्या वर गंभीर. भाऊंचे १९ आले. नर्स हात पुढे करायला लावते, बोटं फाकवायला सांगते. थरथर दिसली नाही तरी बोटांच्या टोकांना टोक लावलं की जाणवते.

औषध साळ्याच्या गोळीच्याच गटातलं, लोराझेपाम निवडलं. क्लोरडायझेपॉक्साइड आणि डायझेपाम लांब टिकतात, उतार गुळगुळीत करतात, म्हणून यकृत ठीक असेल तर तीच पहिली पसंती. पण यकृत थकलेलं असेल तर ती साठत जातात आणि माणूस गुंगीत बुडतो. लोराझेपामचा निचरा सोप्या मार्गाने होतो. आल्याबरोबर २ मिलिग्रॅम शिरेतून, मग दर सहा तासांनी २, आणि सीवा दहाच्या वर गेला की जास्तीची मात्रा. या आकड्यांवरून घरी गोळ्या मोजायला बसू नये. हीच मात्रा पोटात दारू असताना घेतली तर श्वास थांबवू शकते, म्हणून वॉर्डात बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावून देतात. फिटच्या नेहमीच्या औषधांपैकी फेनिटॉइनचा दारू सोडतानाच्या फिटवर उपयोग होत नाही. ते दिलं नाही, ते बरोबरच.

थायमिन मात्र भरपूर: १०० मिलिग्रॅमच्या पाच कुप्या १०० मिलि सलाईनमध्ये, अर्ध्या तासात, दिवसातून तीन वेळा, तीन दिवस. नंतर २५० मिलिग्रॅम रोज, पाच दिवस. तोंडाने दिलेलं थायमिन पिणाऱ्याच्या आतड्यातून नीट शोषलं जात नाही. मॅग्नेशियमही शिरेतून भरलं, कारण त्याच्याशिवाय थायमिन कामाला लागत नाही आणि पोटॅशियम वर येत नाही.

इतकं करूनही बुधवारी पहाटे दोनला, एक्कावन्नाव्या तासाला, डीटी सुरू झालं. भाऊ पलंगावर उठून बसले आणि कामाला लागले. डाव्या हाताने हवेतला जॉब चकमध्ये धरला, उजव्या हाताने चावी फिरवली, वाकून पाहिलं. "जॉब टाइट नाही बसला. पोट्ट्या, कूलंट चालू कर." मग चादरीवरचे लोखंडी चुरे झटकायला लागले, जे तिथे नव्हते. कुठे आहात विचारलं तर म्हणाले, कंपनीत. वार कोणता, सांगता येईना. नाडी १२८, ताप १००.८, कपडे घामाने चिंब. आयुष्यभर जे काम केलं तेच हात हवेत करतात, हे डीटीत बऱ्याचदा दिसतं: शिंपी सुई ओवतो, ड्रायव्हर गिअर टाकतो.

मायचं मत पडलं, "बाहेरचं हाये हे." तिला कुणी हसलं नाही, ते बरं झालं. निवासी डॉक्टरने तिला घड्याळ दाखवून सांगितलं की हे तिसऱ्या दिवशीच येतं, दारू शेवटची केव्हा प्याली यावरून आम्ही आधीच वेळ लिहून ठेवली होती, हे पहा. कागदावर खरंच तसं होतं. बाहेरचं असतं तर वेळ कळली नसती, हे तिला पटलं.

त्या रात्री शिरेतून एकूण १४ मिलिग्रॅम लोराझेपाम लागलं, थोडं थोडं, माणूस शांत पेंगेल पण हाक मारली की उठेल इथपर्यंत. भासांवरचं हॅलोपेरिडॉल एकटं दिलं तर फिटचा धोका वाढतो, म्हणून ते टाळलं. घरच्यांचं काम तीन गोष्टींचं होतं. एकाच ओळखीच्या माणसाने जवळ बसायचं, चार जणांनी नाही. दिवा मालवायचा नाही, कारण अंधारात सावल्यांना हातपाय फुटतात. आणि वाद घालायचा नाही. 'चुरा नाही' असं दहादा सांगण्यापेक्षा 'भाऊ, तुम्ही दवाखान्यात आहात, मी आहे, बुधवार आहे' एवढंच परत परत. हातपाय बांधायची घाई केली की माणूस जास्त झगडतो, ताप चढतो, स्नायू फाटतात. डीटीत उपचाराविना माणसं दगावतात. योग्य उपचार मिळाला तर मृत्यूचं प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली येतं.

गुरुवारी रात्री भाऊ सलग अकरा तास झोपले. शुक्रवारी सकाळी जागे झाले तेव्हा वार बरोबर सांगितला आणि तर्री-पोहे मागितले. पोहे मिळाले, तर्री नाही. नवव्या दिवशी, मंगळवारी, सुट्टी झाली. तोपर्यंत लोराझेपाम पायरीपायरीने शून्यावर आणलं होतं. घरी पाकीट दिलं नाही. ही औषधं चार-सहा आठवड्यांत स्वतःच सवय लावतात. 'झोपेसाठी थोडी राहू द्या' असा आग्रह सगळेच करतात, तो मानायचा नसतो.

घरी

इथून पुढचं दुखणं कमी दिसतं, म्हणून कमी सांभाळलं जातं. झोप तुटक असते, आठवडेच काय, काही महिनेही. स्वप्नात दारू प्यायल्याचं दिसतं आणि माणूस अपराधी वाटत उठतो. तळपाय जळतात, ते नसांचं आणि थायमिनचं. गोड खावंसं वाटतं. पहिला महिना खाऊ द्यावं, साखर तपासून.

पोटाला दर तीन-चार तासांनी काही हवं. सकाळी वरण-भात किंवा पोहे, दुपारी भाजी-भाकर, चारला भाजलेले चणे आणि गुळाची चिक्की, सातच्या आत जेवण. सहा ते नऊ ही पिण्याची वेळ. त्या वेळेत पोट रिकामं नसलं की ओढ निम्मी उरते. मोठा ग्लास मठ्ठा किंवा लिंबूपाणी हाताशी ठेवायचं. हाताला ग्लास लागतो, ही सवयही असतेच. सावजी मटण महिनाभर नाही. त्यात दोष मटणाचा नाही, पण भाऊंच्या जिभेला त्या झणझणीत रश्शासोबत पव्वाच आठवतो.

ओढ उठली की वाटतं ती आता वाढतच जाणार. वाढत नाही. पंधरा-वीस मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात, माथ्यावरून खाली येते. तेवढा वेळ जागा सोडायची: अंगणात पाणी घालायचं, मुलाची सायकल पुसायची, कुणाला फोन लावायचा. बसून झुंजायचं नाही.

रस्ता बदलला. कारखान्यातून घरी यायच्या वाटेवर चौकात देशीची भट्टी आहे, आणि भाऊंची दुचाकी तिथे आपोआप वळायची. फिट येऊन गेल्यामुळे डॉक्टरांनी गाडी बंदच केली होती, लेथसुद्धा. फोरमनशी बोलून महिनाभर स्टोअरमध्ये नोंदी ठेवायचं काम आणि कायम पहिली पाळी मिळाली. येणं-जाणं आपली बसने. बस भट्टीपाशी थांबत नाही. पगार सात तारखेला वहिनींच्या खात्यात वळवला, फोनमधलं पैसे पाठवायचं अ‍ॅप काढलं, खिशात रोज पन्नास रुपये. भाऊंनीच हे सुचवलं, म्हणून ते टिकलं. बायकोने लादलं असतं तर आठवड्यात मोडलं असतं.

ओढ कमी करायचं औषध अ‍ॅकॅम्प्रोसेट: ३३३ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, दिवसातून तीन वेळा. यकृतावर भार नाही, मूत्रपिंड तेवढं तपासावं लागतं. अडचण एकच, दुपारची मात्रा हमखास चुकते. ती जेवणाच्या डब्यातच ठेवली. त्याच कामाचं नॅलट्रेक्सोन ५० मिलिग्रॅम दिवसाला एकदा, म्हणून सोपं, पण भाऊंचं यकृत जरा सावरेपर्यंत ते मागे ठेवलं. ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्याला ते चालत नाही.

साळ्याने ऑटोच्या मागे 'बिना बताये शराब छुडाये' वाचलं होतं आणि वरणात टाकायची पावडर आणायच्या बेतात होता. अशा पावडरीत काय असतं याचा पत्ता नसतो, आणि कधी कधी ती डायसल्फिराम निघते. हे खरं औषध आहे, पण माणसाला सांगून, त्याच्या सहीने, हृदय आणि यकृत तपासून द्यायचं. ते पोटात असताना दारू गेली की चेहरा लाल, श्वास कोंडणं, बीपी कोसळणं, कधी मृत्यू. बंद केल्यावरही दोन आठवडे असर राहतो. ज्याला माहीतच नाही तो पिणारच. शिवाय खोकल्याची काही औषधं आणि आयुर्वेदिक आसव-अरिष्टं यांतही अल्कोहोल असतं, हे डायसल्फिराम घेणाऱ्याला लिहून द्यावं लागतं.

साळ्याचा दुसरा प्रस्ताव होता घरून उचलून नेणाऱ्या केंद्राचा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारूशी जोडलेले मानसिक त्रासही येतात. संस्था नोंदणीकृत हवी. ज्याला भलंबुरं कळतं त्याची भरती त्याच्या संमतीने. समजण्याची क्षमताच गेली असेल तरच नामनिर्देशित व्यक्तीच्या, म्हणजे रुग्णाच्या वतीने ठरवायला नेमलेल्या माणसाच्या अर्जावर, दोघा तज्ज्ञांनी तपासून, आणि तीही आधी ३० दिवसांपर्यंत. साखळीने बांधणं पूर्ण बेकायदेशीर आहे. भाऊ शुद्धीवर होते, औषध घेत होते. उचलायचं कारणच नव्हतं.

नागपुरात मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स आणि प्रादेशिक मनोरुग्णालय इथे मानसोपचार विभाग आहेत. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांना फी नसते, आणि घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं. भाऊ पहिल्या सभेला गेले आणि मागे बसून परत आले. तेवढंही चालतं.

घरीच सोडायचं असेल तर कुणी सोडावं? ज्याला कधी फिट किंवा डीटी झालेलं नाही, जो सकाळी पीत नाही, जेवतो, दुसरा मोठा आजार नाही, घरात न पिणारा एक जाणता माणूस पाच दिवस पूर्णवेळ आहे, आणि डॉक्टर रोज एकदा पाहणार आहेत. यातलं एक जरी नसेल तर भरती. आणि ऐकायला विचित्र वाटेल, पण डॉक्टरांची गाठ पडेपर्यंत अशा माणसाने दारू एकदम तोडू नये. ती त्याला चांगली म्हणून नव्हे, तर रविवारी रात्री तोडून मंगळवारी फिट येण्यापेक्षा सोमवारी ओपीडीत जाऊन मग सोडणं बरं. निवडणुकीच्या कोरड्या दिवसांत किंवा पाय मोडून भरती झाल्यावरही हेच घडतं. प्लास्टरच्या वॉर्डात तिसऱ्या रात्री बडबडायला लागलेल्या रुग्णाला आधी विचारावं, रोज किती घेता?

एकोणतिसावा आणि तिसावा दिवस

पोळा सोमवारी आला. श्रावण संपला की व्रत सुटतं, हे भाऊंच्या अंगात इतकी वर्षं मुरलेलं. म्हणून आठवडाभर आधी ठरवलं होतं: काटोलकडच्या गावी जायचं नाही, मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीतही नाही. दुसऱ्या दिवशी मुलाचा लाकडी नंदी घेऊन वस्तीतल्या तान्ह्या पोळ्याला जायचं.

सोमवार गेला. मंगळवारी करीला भाऊंचा गावचा भाऊ मटण आणि बाटली घेऊन स्वतःच आला. हा रस्ता योजनेत कुणी धरला नव्हता. भाऊंनी दीड निप घेतली, म्हणजे १३५ मिलि. नऊ वाजता वहिनींना स्वतः सांगितलं. वहिनींनी त्या रात्री बोलणं टाळलं, नंदी कपाटावर ठेवला आणि बाटली पाहुण्यासोबत परत पाठवली. जास्त घेतली असती तर दुसरा धोका होता: महिनाभरात सहनशक्ती उतरलेली असते, आणि जुने दोन पव्वे आता उलटीत गुदमरायला पुरतात.

बुधवारी सकाळी आठ, दुपारी बारा आणि रात्री नऊला नाडी पाहिली: ८४, ८०, ८२. थरथर नाही. एका संध्याकाळच्या पिण्याने उतार सहसा पुन्हा सुरू होत नाही, सलग काही दिवस चाललं तर होतो. अ‍ॅकॅम्प्रोसेट बंद करायचं नसतं, ते चालूच ठेवलं. डॉक्टरांना त्याच दिवशी फोन केला. भावाला पुढच्या वेळी फोन करून येण्याचं सांगण्यात आलं, जरा कडक शब्दांत.

सहाव्या आठवड्यात एसजीओटी १४८ वरून ४४, जीजीटी ४१० वरून ११८. एमसीव्ही १०४ वरून फक्त १०१. लाल पेशी १२० दिवस जगते, जुन्या मोठ्या पेशी मरून जाईपर्यंत आकडा पूर्ण उतरत नाही, त्याला दिवाळी उलटेल. नॅलट्रेक्सोनचा विचार पुढच्या तपासणीला. फाइलच्या पुठ्ठ्यावर डॉक्टरांनी लाल शाईने लिहिलं आहे: 'फिट: होय. डीटी: होय. दारू पुन्हा रोजची झाल्यास घरी बंद करू नये, भरती करावी. ग्लुकोजआधी थायमिन.' वहिनींनी त्याचा फोटो काढून साळ्याला पाठवला आहे.